विहिरीजवळची चार झाडं

मुंजाजीनं पऱ्हाटीच्या चार झाडांवर, भोवतालच्या गवतासकट, तणनाशक मारलं आणि कुणी बघितलं नाही ना, याची खात्री करून पंप बाभळीआड लपवला.

कपाशीचं हे बियाणं त्यानं देवगाव फाट्यावर एका माणसाकडून आणलं होतं. पावती नाही, पिशवीवर नाव नाही, नुसता शब्द. "फवारा मारा, गवत जळंल, पऱ्हाटीच्या पानालाबी धक्का लागणार न्हाई." मुंजाजी भुलला होता. पण त्याची बायको कमलबाई ऐकेल तर शपथ!

"अवो, दीड एकर तर वावर हाय आपलं. समदं जळालं तर खायाचं काय? आधी चार झाडांवर मारून बघा."

"मारतो. पण कोणत्या झाडांवर ते सांगणार न्हाई. तुझी नजर लय वाईट. म्हशीला चांगली म्हणालीस, आन् ती आटली!"

कमलबाई फणकाऱ्यानं परसात गेली. तिथं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत तिनं पऱ्हाटीची रोपं वाढवली होती. ओळीत एक जागा रिकामी दिसली तरी बाईला चैन पडायची नाही.

चार झाडांवर औषध मारून मुंजाजी गंगाखेडला लेकीकडं गेला, तो पंधरवड्यानं परतला. आधी विहिरीजवळ धावला. आणि काय सांगावं! गवत पार करपलेलं, अन् चारी झाडं हिरवीगार! अंगानं जरा बारकी वाटली खरी, पण एवढं जहाल औषध पचवायचं म्हणजे चेष्टा आहे का? पायात आलेल्या दुधाच्या पिशव्या त्यानं लाथेनं उडवल्या.

"ही बाई कुठंबी कचरा टाकती," असं पुटपुटत त्यानं पंप पाठीवर घेतला.

शेजारच्या वावरातून चंद्रभान ओरडला, "वहिनीला इचारलं का?"

"तिला काय कळतंय यातलं!"

दिवस कलेपर्यंत मुंजाजीनं सगळं वावर फवारलं आणि मिशीला पीळ देत घरी आला.

"जिंकलो! चारी झाडं ठणठणीत. समद्या वावरात मारून आलो."

"लय बेस झालं बगा!" कमलबाई खरोखर हरखली. भाकरी थापता थापता म्हणाली, "आता तरी सांगा, कोणती व्हती ती झाडं?"

"विहिरीजवळची."

कमलबाईचा हात परातीतच थांबला.

"ती व्हय? अवो, तिथं कुणा मुडद्यानं औषधाचा पंप धुतला व्हता, चारी झाडं जळून गेलती. त्या जागी पिशवीतली रोपं मीच लावली की!"