तिचं ताट

"काका, ताट उचला. एवढ्या खोल समुद्रात कावळे येत नाहीत," वेटर म्हणाला.

बायकोच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नव्हता. लेकीला अंतर देणार नाही म्हटलं, मेहुण्याशी भांडण मिटवीन म्हटलं, तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. मग आठवलं. संध्याकाळी किनाऱ्यावरून ही जेवणाची बोट दिसली की ती म्हणायची, "एकदा यात बसून सूर्यास्त बघत जेवायचंय." म्हणून आज आलो. दोन ताटं मागवली. तिचं कठड्यापाशी मांडलं. माझं तसंच पडून होतं.

सूर्य पाण्याला टेकला. अंधारात कावळा येत नाही. मी तांडेलाला हात जोडले. "बोट किनाऱ्याला घ्या."

त्याने सगळं ऐकून सुकाणू फिरवलं. "अहो, सूर्य मागे राहिला!" प्रवासी ओरडले.

किनारा जवळ आला तसा माडांवरून एक कावळा कठड्यावर आला. ताट बघत नुसताच बसला.

"अगं, आणखी काय हवंय तुला?" मी ओरडलो.

"काका," तांडेल म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

मी माझ्या ताटातला घास तोंडात घातला. कसाबसा गिळला, तसा कावळा तिच्या भातावर उतरला.