बदली खेळाडू

शनिवारच्या मुलांच्या फुटबॉलमध्ये कोचकाकांचा एक नियम पक्का होता. डोक्याला जरा जरी मार लागला, की त्या दिवसापुरता खेळ बंद. आज सामना बरोबरीत असताना गोलकीपर मुलगी खांबावर आदळली आणि त्यांनी तिला लगेच बाहेर काढलं, तशी तिची आई तणतणत आली.

"अहो, चांगली हसतेय, उड्या मारतेय ती. कशाला एवढा बाऊ करता?"

"माझी मुलगीही अशीच हसत होती," कोचकाका म्हणाले. "दहा वर्षांची होती. अंतिम सामना होता, म्हणून मी तिला पुन्हा आत पाठवलं. पाच मिनिटांत कोसळली."

आई ओशाळली. "माफ करा, मला खरंच माहीत नव्हतं. कधी गेली हो?"

"गेली नाही. ती काय, तिथे आहे."

मैदानाच्या कडेला पंचविशीची एक तरुणी बुटांच्या नाड्या आवळत बसली होती. कोचकाकांनी आपल्याकडे पाहिलेलं दिसताच ती लगबगीनं उठून उभी राहिली.



"बाबा, आता बरं वाटतंय मला. जाऊ आत?"