कानामागचा उंचवटा

हाडांच्या तोंडी परीक्षेत मी वर्गात पहिला आलो. कसा, ते सांगतो.

मॅडमांनी टेबलावरच्या कवटीच्या कानामागच्या उंचवट्यावर पेन्सिल टेकवली. टोचलं मात्र माझ्या कानामागे.

"हे काय?"

"दुखतंय, मॅडम."

"नाव विचारलंय. रडगाणं नको."

पेन्सिल भुवईच्या कडेवर गेली, मग जबड्याच्या कोनावर. मी डोळे गच्च मिटून एकेक खूण बरोबर सांगत गेलो.

"घोटून आलायस की!" मॅडम खूश झाल्या. त्यांनी शिपायाला हाक मारली. "मामा, करवत आणा. पुढच्या बॅचला ही आतून दाखवायचीय."

मामांनी कवटी मांडीत घट्ट धरली. माझं डोकं हलेना. कपाळावर दातेरी गारवा उमटला.

तरी सदर कवटी कापण्याचे काम माझ्या हयातीत तहकूब ठेवावे, ही नम्र विनंती.