फाशीस योग्य

फाशीचा कैदी खोकला आणि डॉक्टर धावत आले. एका हाताने बिननाडीचा पायजमा सावरत तो उभा राहिला. गळफास घेईल या भीतीने तुरुंगाने नाडी काढून घेतली होती. फास लावायचं काम सरकारचं होतं.

“छातीत कफ आहे,” डॉक्टर म्हणाले. अधीक्षकांनी कपाळाला हात लावला. आजारी माणसाला फाशी देता येत नाही. मग औषध आलं, दूध आलं, उकडलेली अंडी आली, जाडजूड घोंगडी आली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला रोज विचारत होतं, “झोप लागली का रे?”

पंधरवड्यात तो ठणठणीत झाला. डॉक्टरांनी समाधानाने शेरा मारला, ‘फाशीस योग्य.’

त्याच दुपारी दयेचा अर्ज मंजूर झाला, फाशीची जन्मठेप झाली. अधीक्षकांनी अभिनंदन करून नाडी परत दिली आणि दूध, अंडी, घोंगडी काढून घेतली.

महिन्याभरात खोकला परतला. बराकीसमोरून जाणाऱ्या डॉक्टरांना त्याने गजांतून हाक मारली, “साहेब, खोकल्यातून रक्त पडतंय.”

डॉक्टर चालता चालताच म्हणाले, “बघू सावकाश. आता तुला थोडंच मरायचंय!”