सगळ्यांनी पाहिलेली आग

"खटला दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करावा," वकील मृणाल शेवडे म्हणाल्या. "या गावात प्रत्येकानं माझ्या अशिलाला गिरणी पेटवताना पाहिलंय."

"मग साक्षीदार भरपूर आहेत की!" न्यायाधीश हसले.

"पाहिलं एकट्या कुसुम घाडग्यांनी, साहेब. संध्याकाळी त्यांनी ती आठवण पारावर वाटली. इथं बारशाच्या पेढ्यांसारख्या आठवणी वाटतात, आणि नको म्हणणं वाईट दिसतं. यंत्र कपाळाला टेकवलं की त्यांचं पाहिलेलं आपलं होतं, त्यांच्या खात्रीसकट. आपणही घेतली असेल."

न्यायाधीशांचा हात नकळत कपाळाकडे गेला. ज्वाळांसमोरचा तो निळा सदरा त्यांनाही लख्ख आठवत होता. तो आरोपी सोपानचाच, यात त्यांना शंका नव्हती. हे आपण कधी पाहिलं, ते मात्र आठवेना.

त्यांनी पिंजऱ्यातल्या सोपान लाडकतला विचारलं, "तुम्हाला काय आठवतं?"

"पेटवल्याचंच आठवतं, साहेब. म्हणून तर पोलिसांपुढं कबूल झालो."

"मग हा अर्ज कशाला?"

"काल वकीलबाई म्हणाल्या, काडी कोणत्या हातानं ओढली ते आठवा." सोपाननं आपले दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले. "हात दिसतच नाहीत, साहेब. मला माझी पाठच दिसते."