तिच्या वाट्याचा तुकडा

“आ कर, आई. आ! एवढंसंच आहे.”

आईने ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. चमचाभर सूप गळ्याभोवतीच्या टॉवेलवर सांडलं. सकाळपासूनचा हा तिसरा टॉवेल.

लेक नर्स होती. कसलाही हट्टी पेशंट असो, सिस्टर त्याला वाटी संपवायला लावणारच, अशी वॉर्डात तिची ख्याती. उशी कुठे द्यायची, हनुवटी किती खाली घ्यायची, चमचा कुठल्या बाजूने सरकवायचा, सगळं हातात बसलेलं. आणि घरी जन्मदाती आई गेले चार दिवस तिला दाद देत नव्हती. वर्षापूर्वी अर्धांगाच्या झटक्याने आईची वाचा गेली, उजवा हात गेला. हट्ट मात्र तसूभरही कमी झाला नाही. उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नळी घातली की माणसं ती कशी उपसून काढतात, मग त्यांचे हात कसे बांधून ठेवावे लागतात, हे लेकीने रोज पाहिलं होतं. आईचे हात बांधायचे? छे!

“वचनसुद्धा वाचलं ना तुझ्यासाठी? वाचलं की नाही?” ती कडाडली.

आधी बायबलमधलं वचन, मग घास, हा या घरातला नियम आईचाच. म्हणून लेकीने हातात चमचा धरूनच आजचा भाग धडाधडा वाचून टाकला होता. नेमका रानात भटकणाऱ्या लोकांचा निघाला. आकाशातून आयतं अन्न पडतंय, तरी त्यांची कुरकुर चालूच. “तुझेच भाऊबंद,” असं म्हणून तिने पुस्तक मिटलं होतं.

दार वाजलं. चर्चचे पाळक होते, काखेत छोटी चामडी पेटी घेऊन. महिन्यातून एकदा ते आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन द्यायला येत.

“या. तुमचीच कमी होती,” लेक म्हणाली. मग जीभ चावून तिने खुर्ची पुढे केली. “तिला काही देऊ नका हं. चार दिवस गिळलेलं नाही तिने. ठसका लागेल.”

“भिजवून देतो. नखाएवढा.”

पाळकांनी औषधाच्या बाटल्या बाजूला सारून टेबलावर पांढरं फडकं पसरलं. त्यावर पावाचे दोन छोटे तुकडे आणि द्राक्षरसाचा प्याला ठेवला. हळू आवाजात प्रार्थना केली. एक तुकडा रसात बुडवून आईच्या ओठांशी नेला.

आईने तोंड उघडलं. गळा हलला. ठसका नाही, काही नाही.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे गिळता येतंय तुला! माझ्याच हाताला काय विष लागलंय? द्या, पाळकसाहेब, आणखी द्या तिला.”

“अगं, हे काय पोट भरायला आहे का? ज्याचा त्याला एक तुकडा.”

“हा आहे की दुसरा.”

“तो तुझा आहे.”

दर महिन्याला तो तिचाच असायचा. दर महिन्याला ती नको म्हणायची आणि पाळक निमूटपणे तो स्वतः खाऊन टाकायचे. मनात राग धरून प्रभूच्या या मेजाशी येऊ नये, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आणि राग तर होताच. थोरला भाऊ दर रविवारी फोन करून आईला काय भरवायचं ते शिकवायचा. वर्षभरात त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

“माझा ना? मग द्या इकडे.”

तिने तुकडा उचलला आणि सरळ सुपात बुडवला. पाळकांनी डोळे मिटून घेतले.

“घे, आई. माझ्या वाटणीचा आहे. खा!”

ओठ पुन्हा मिटले. आईने डावा हात पांघरुणातून बाहेर काढला. चाचपडत तो लेकीच्या मनगटाशी आला आणि मनगट ढकलू लागला. बाजूला नाही, लेकीच्याच तोंडाकडे.

“मला नको गं! दादाला मनातल्या मनात काय काय शिव्या घालते मी, ऐकायच्यात तुला?” लेकीचा आवाज चिरकला. “पाळकसाहेब, तुम्ही तरी सांगा हिला. असल्या मनाने खातात का?”

पाळक दमले होते. अजून चार घरं व्हायची होती. “प्रभूच्या त्या पहिल्या मेजाभोवती तरी कोण धुतल्या तांदळासारखं बसलं होतं? खा बाई. तिचा हात दुखतोय.”

हात खरंच खांद्यापासून थरथरत होता. पण मागे येत नव्हता.

“खाते! खाते, बस्स? झालं समाधान?” लेकीने तुकडा तोंडात कोंबला. चावता चावता तिला रडू फुटलं आणि त्या रडण्याचाही तिला भयंकर राग आला.

आईचा हात पांघरुणावर पडला. तिने तोंड उघडलं. चांगलं मोठ्ठं, आ करून.

 लेकीने बाहीने नाक पुसून झटकन वाटी उचलली.

“थांब, प्याला राहिलाय तुझा,” पाळक म्हणाले.

“तुम्ही थांबा हो जरा! तोंड उघडलंय तिने!”

पाळक थांबले. वाटीचा तळ चमच्याला लागेपर्यंत, प्याला दोन्ही हातांत धरून, ते खाटेपाशी उभे राहिले.