बक्कल

"ताई, तिकडच्या शाळेत तीन वर्षांच्या मुलांना टॅब देतात. तुमच्याकडे आमची शाल्मली मटार सोलते! सोमवारपासून तिला तिकडेच घालतोय," बालवाडीच्या पायरीवर लेकीची सॅंडल हातात धरून आई म्हणाली.

"आधी बोटांत जोर येऊ द्या. काचेवर बोट फिरवून तो येत नाही," ताई म्हणाल्या.

आई बक्कल लावायला वाकली. शाल्मलीनं तिचा हात ढकलला. "तू नको. मी!"

जूनमध्ये हीच पोर बक्कलावर बोट टेकवून ते आपोआप लागायची वाट बघायची. आज तिनं जीभ बाहेर काढून पट्टा ओढला. तो निसटला. तिनं पुन्हा ओढला आणि पिन भोकात बसवली.

आई बघतच राहिली. मग नातवाला न्यायला आलेल्या एका आजोबांना म्हणाली, "बघितलंत? एकटीनं लावलं! आपल्या बालवाडीत शिकवतात हे."